रस्ता खणून पाहिला तेव्हा

भ्रष्टाचाराचा विषय निघाला की चावडीवर रात्र सरते. अमक्याने खाल्ले, तमक्याने खाल्ले. पण नेमके किती खाल्ले, असे विचारले की सारे एकमेकांकडे पाहू लागतात. साहजिकच आहे; खाणारा काही पावती देत नाही! आज सांगणार आहे ती हकीगत या खाल्लेल्या पैशाच्या मोजमापाची. ती घडली इंडोनेशियातल्या जावा बेटावर.

२००३ च्या सुमारास पूर्व आणि मध्य जावातल्या ६०८ खेड्यांत सरकारी योजनेतून लहान लहान रस्ते होत होते. मातीच्या वाटेवर वाळू, दगड, खडी. आपल्या पाणंद रस्त्यासारखेच म्हणा ना. बेंजामिन ओल्केन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ठरवले की नुसत्या कागदांवर भिस्त ठेवायची नाही, रस्ताच पाहायचा. काम पुरे झाले की त्याचे इंजिनिअर जायचे, जागोजागी खड्डे खणायचे आणि आत किती माल पडला ते मोजायचे. मालाचा भाव त्या भागातल्या विक्रेत्यांना विचारायचा, मजुरी मजुरांना. मग गावाने दाखवलेल्या खर्चाशी सारे ताडून बघायचे.

रस्त्यावर राबलेला एखादा गडी लगेच म्हणेल, "अहो, वाळू वाहताना सांडते, दगड मातीत रुततो. ती काय चोरी?" बरोबर आहे. म्हणून या मंडळींनी आधी स्वतःच्या देखरेखीखाली काही छोटे रस्ते बांधले आणि तेही खणून पाहिले. चोरी नसताना जेवढी घट येते, तेवढी हिशेबात धरली. मला तर या अभ्यासातली हीच गोष्ट फार मोलाची वाटते.

एरवी तिथे सरकारी हिशेबतपासणीची पाळी शंभरात चार गावांवर यायची. ओल्केनने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही गावे निवडली आणि त्यांना काम सुरू होण्याआधीच कळवले: तपासणी होणार म्हणजे होणारच, आणि निष्कर्ष गावच्या सभेत सांगितला जाणार. इतर गावांत शंभरातले सुमारे २८ रुपये बेपत्ता झाले होते. या गावांत १९. म्हणजे तपासनीस येणार हे ठाऊक असूनही १९ गेलेच! कारण तपासनिसांना सापडत ते बहुधा कागदोपत्री दोष: निविदा नीट नाहीत, पावत्या अपुऱ्या. आणखी एक गंमत पाहा. जिथे तपासणी पक्की, तिथे गावच्या कारभाऱ्यांच्या नातेवाइकांना कामावर जास्त घेतले गेले. एक वाट बंद झाली, तर दुसरी थोडी रुंद झाली.

तुम्ही म्हणाल, तपासनीस कशाला, गावच लक्ष ठेवील की. तेही करून पाहिले. काही गावांत हिशेबाच्या सभेची निमंत्रणे घरोघर वाटली. माणसे जास्त आली, बोललीही. मजुरीतली गळती कमी झाली. मालातली मात्र जवळजवळ तशीच राहिली. मजुरी बुडाली तर ज्याची त्याला कळते, आणि तो उठून विचारतो. वाळूचा एक ट्रक कमी आला, तर तो कुणा एकाचा नव्हे. शिवाय गावकऱ्यांना भाव फुगवलेला चटकन ओळखू येई, पण माल किती कमी पडला ते नजरेने उमगत नसे. आणि बरीचशी चोरी नेमकी तिथेच, मालाच्या आकड्यात लपलेली होती.

शिक्षकमित्रांनो, आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. काही गावांत निमंत्रणाबरोबर एक कागद दिला होता. रस्त्याच्या कामाबद्दल काय वाटते ते नाव न घालता लिहायचे, आणि सभेत त्याचा गोषवारा वाचला जायचा. हे कागद काही ठिकाणी वाड्यावस्त्यांच्या प्रमुखांकरवी वाटले, तर काही ठिकाणी शाळेतून मुलांच्या हाती घरी पाठवले. प्रमुखांकरवी गेलेल्या कागदांनी विशेष काही साधले नाही. मुलांच्या दप्तरातून घरी गेले, तिथे मात्र गळती कमी झाली. कारभाऱ्यांच्या हाताखालून न जाता ते थेट चुलीपर्यंत पोचले होते.