कांद्यावरचा विषाणू आणि घरी पाठवलेला पगार
(शाखेच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेपुढे बदल्यांचा आणि थकबाकीचा विषय आहे. त्यावर सरचिटणीस बोलतीलच. आम्ही मात्र कांद्यावर बोलणार आहोत. हसू नका! रेल्वेत असो की टपाल खात्यात, नोकरी इटारसीला नाहीतर सिकंदराबादला आणि जमीन निफाडला, असे आपल्यात बरेच जण आहेत. पगारातला एक भाग दर हंगामात त्या जमिनीत जातो. तो कुठे जिरतो, हे आपण विचारतो का?

आमच्या एका ट्रॅकमन बांधवाने गेल्या वर्षी बियाण्यासाठी डोंगळे लावले होते. दांड्यांवर डाग दिसले. औषधाच्या दुकानदाराने करपा सांगितला. घरच्यांनी मँकोझेब मारले, पुन्हा मारले, मग त्याहून महागडे मारले. दांडे डागाच्या जागीच मोडून पडले आणि बी पोचट निघाले. या बांधवाने ओव्हरटाइम करून पाठवलेला पैसा त्या फवारणीत गेला.

तो करपा नव्हता. करपा बुरशीमुळे येतो. त्याचा डाग खोलगट असतो आणि मध्ये जांभळा होतो. या बांधवाच्या दांड्यांवरचे डाग वाळल्या गवताच्या रंगाचे, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, चातीसारखे होते. हे आयरिस यलो स्पॉट नावाच्या विषाणूचे लक्षण. आपल्या देशात कांद्यावर तो प्रथम आढळल्याची नोंद 2006 साली प्रसिद्ध झाली, आणि तीही जालना व नाशिक भागातली. बुरशीनाशकाने विषाणू मरत नाही. किंबहुना लागण झालेले झाड बरे करणारे कोणतेच औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. कधी कधी करपा आणि विषाणू एकाच पातीवर असतात, त्यामुळे फसगत होते हे खरे. पण दुकानदाराला विचारून ती सुटत नाही.

हा विषाणू पसरवतात ते फुलकिडे. गंमत अशी की, फुलकिडा पिल्लू असतानाच रोगट पात खाऊन विषाणू घेतो आणि मोठा झाल्यावर गावभर वाटतो. आपल्याकडे खरीप, रांगडा, उन्हाळ असे कांदे एकामागून एक उभे असतात, म्हणजे त्याचे जेवण कधी बंद होत नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचा सल्ला आहे की, लागवडीच्या महिनाभर आधी शेताभोवती मक्याच्या दोन ओळी लावाव्यात. फुलकिडे मक्याच्या भिंतीला अडतात. तुषार सिंचनानेही ते धुऊन जातात. मक्याचे बियाणे काही फार महाग नाही.

लसणाचे दुखणे याहून जुने आहे. कांद्याचा यलो ड्वार्फ आणि लीकचा यलो स्ट्राइप हे दोन विषाणू लसणात घर करतात. लीक ही युरोपातली कांद्याच्या जातीची भाजी. आपण ती पाहिलेलीही नसेल, पण तिच्या नावाचा विषाणू आपल्या लसणात आहे. पातीवर पिवळे पट्टे येतात, झाड खुजे राहते, गड्डा लहान होतो. लसूण पाकळीपासूनच लावतात, म्हणून रोग बापाकडून मुलाकडे जमिनीच्या उताऱ्यासारखा जातो. हे दोन्ही विषाणू मावा पसरवतो. मावा क्षणभर सोंड खुपसतो तेवढ्यात काम होते, औषधाने तो मरेपर्यंत उशीर झालेला असतो. रतलामकडचे आपले बांधव सुटीवर जाताना मंदसौरचा लसूण लावायला नेतात. खायला खुशाल न्या, हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. पण लावायचा असेल तर कुणाच्या शेतातला, पात कशी होती, हे विचारून घ्या. बाजारातल्या गड्ड्यावर ते दिसत नाही. प्रयोगशाळेत कोंबाच्या टोकापासून विषाणूमुक्त रोपे करता येतात. तसे बियाणे गावोगाव मिळावे ही मागणी किसान संघटनांच्या बरोबरीने आपणही करायला हवी.

7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, ती आपल्याच लोकांनी चालवली. माल वाहून नेणारे आपण आणि पिकवणारेही आपल्याच घरचे.

तेव्हा गावी फोन कराल त्या वेळी सांगा: डाग दिसला की पात उपटून पिशवीत घालावी आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. फवारणी त्यानंतर. आमच्या त्या ट्रॅकमन बांधवाने यंदा मका लावला आहे, दोन ओळी. आता सरचिटणीस थकबाकीवर बोलतील.