दुर्बीण कुणाच्या हातात?

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज ‘ग्रामीण पर्यटन आणि स्त्रिया’ असा विषय दिला आहे. तो फार मोठा आहे. म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेते. तारे बघायला गावात येणारे पाहुणे. हसू नका! पाणी, रेशन, दारू हे प्रश्न पडलेले असताना ही बाई आभाळातलं काय सांगते, असं काहीजणींना वाटत असेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

आपल्या आज्यांना तारे शाळेत कुणी शिकवले नव्हते. शुक्राची चांदणी वर आली की जात्यावर बसायचं, हे त्यांचं घड्याळ. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर, ही गोष्ट तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ऐकली असेल. आता पुण्या-मुंबईत दिव्यांच्या उजेडाने ती बाजही नीट दिसत नाही, आकाशगंगा तर दूरच. शहरातला माणूस पैसे मोजून अंधार शोधत निघाला आहे. मुंबईच्या खगोल मंडळाची वांगणीची रात्रभराची आकाशदर्शनं जुनीच आहेत. पण गेल्या काही वर्षांत याचा धंदा झाला. इतकी वर्षं ज्या अंधारामुळे आपल्या गावांना मागासलेलं म्हटलं, तोच अंधार आता विकला जातो. मग तो विकतो कोण आणि पैसे कुणाच्या हातात पडतात, हे आपण विचारायला नको का?

मी हानलेला गेले होते. लडाखमध्ये लेहपासून अडीचशे किलोमीटरवर, चौदा हजार फुटांवरचं गाव. चांगपा लोक, पश्मिना शेळ्या, हिवाळ्यात उणे वीसच्याही खाली जाणारी थंडी. बेंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तिथल्या डोंगरावर २००१ सालापासून आहे. तिच्यातली दोन मीटरची दुर्बीण बेंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. म्हणजे वीस वर्षं गावाच्या डोक्यावर एवढं मोठं विज्ञान होतं आणि गावातल्या बाईचा त्याच्याशी संबंध फारसा नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचा बावीस किलोमीटर त्रिज्येचा टापू ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे राखीव अंधाराचा प्रदेश, म्हणून जाहीर झाला. गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावायचे, दिव्यांवर टोप्या घालायच्या, गाड्यांनी दिवे खाली ठेवायचे. आणि बदल्यात? इथे मला गोष्ट आवडली. आसपासच्या वस्त्यांतल्या चोवीस जणांना खगोलदूत म्हणून शिकवलं, दुर्बिणी दिल्या. त्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत.

२०२५च्या सप्टेंबरात, सर्वपित्री अमावास्येच्या आसपास, मी तिथे तीन रात्री राहिले. ज्या घरी उतरले तिथली सून खगोलदूत. तिशीची असेल. रात्री अंगणात तिने दुर्बीण शनीवर लावली. त्या वर्षी शनीची कडी आपल्याला जवळजवळ काठावरून दिसत होती, त्यामुळे ती बारीक रेघेसारखी होती. पुण्याचे एक इंजिनियर म्हणाले, “चित्रात तर केवढी मोठी असतात!” तिने हिंदीतून, हातातली ताटली आडवी-तिरकी करून दाखवत, त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला हे कुणी शिकवलं? नवऱ्याने?” ती हसली. म्हणाली, “नवऱ्याला मी शिकवते आहे.”

पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगणार नाही. ती अंगणात असताना आत आमच्या दहा जणांच्या थुक्पाला सासूबाई उभ्या होत्या. मी विचारलं तर तीच म्हणाली, “माझं काम कमी झालं, ते आईंच्या अंगावर गेलं.” आणि हे उत्पन्न बारमाही नाही. चांदण्या पंधरवड्यात आकाश धुवून निघतं, पाहुणे तेव्हा कमी. हिवाळ्यात तर कुणी नाही. शेळ्या विकून कुणी यावर बसलं तर फसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही खोलीचं भाडं आणि आकाश दाखवण्याचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. मुलाच्या शाळेसाठी तिने ते वेगळे ठेवले आहेत.

आता आपल्याकडचा एक अनुभव. नावं घेत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका गावात शहरातल्या मंडळींनी ‘तारांकित रात्री’ भरवल्या. बचतगटाला स्वयंपाकाचं काम मिळालं म्हणून मीच खूश झाले होते, मीच मध्यस्थी केली होती. पहिल्या रात्री साठ माणसं आली. चौदा बायका दुपारी तीनपासून चुलीपाशी. पिठलं-भाकरी, ठेचा, पहाटे चार वाजता चहा. पैसे ज्याच्या शेतात तंबू लागले त्याच्याकडे गेले. बायकांना मिळाली रोजंदारी, तीही रोजगार हमीपेक्षा कमी. सकाळी एकीला विचारलं, “काय काय पाहिलंत?” ती म्हणाली, “ताई, धूर पाहिला.” चौदा जणींपैकी एकीनेही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. करार करताना मी जेवणाचा दर ठरवला होता, हे कलम घालायला विसरले होते. ही माझी चूक आहे.

आता अवघड प्रश्नाकडे येते. आपल्या चळवळीने गावोगाव रस्त्यावर दिवे मागितले आहेत. शौचाला, पाण्याला, शेवटच्या एस.टी.ने उतरून घरी जाताना बाईला अंधाराची भीती वाटते, आणि ती कल्पनेतली नाही. मग आपणच ‘अंधार राखा’ कसं म्हणायचं?

जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातलं पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. डार्कस्काय इंटरनॅशनल या जागतिक संस्थेने ही मान्यता दिली. तिथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. काढून टाकले नाहीत, बदलले. हा फरक समजून घ्या. उघडा पांढरा दिवा अर्धा उजेड आभाळात फुकट घालवतो आणि अर्धा तुमच्या डोळ्यांत मारतो. त्याच्या पलीकडे उभा असलेला माणूस तुम्हाला दिसत नाही. वरून झाकलेला, पिवळसर दिवा पायाखालची वाट दाखवतो, डोळे दिपवत नाही. म्हणजे बाईची सुरक्षितता आणि ताऱ्यांचं आकाश एका खांबावर राहू शकतात, पण कुठला खांब हे बाईने सांगितलं तर. वीज मंडळाच्या माणसाला नळाची वाट ठाऊक नसते.

पेंचच्या पट्ट्यात गोंड वस्त्या आहेत, म्हणून आणखी एक सांगते. मयंक वाहिया आणि गणेश हळकारे यांनी विदर्भातल्या गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांतही ती बाज आणि चोर आहेतच. पाहुण्यांना ग्रीक राजकन्यांच्या गोष्टी सांगायच्या आणि वस्तीतल्या आजीची गोष्ट तिच्या घरात बसून राहायची, असं का? ती गोष्ट सांगण्याचंही मानधन असलं पाहिजे. आणि ते आजीला, संस्थेला नव्हे.

आमच्या तालुक्यात एका धरणाच्या काठच्या गावाने असं केंद्र मागितलं आहे. मागच्या महिन्यात बायकांची वेगळी बैठक घेतली. आपल्याकडे पावसाचे चार महिने आकाश बंदच, म्हणजे नोव्हेंबर ते मे एवढाच हंगाम, त्यातही अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस. हे मी आधीच फळ्यावर लिहून दाखवलं, म्हणजे कुणी कर्ज काढून खोल्या बांधायला नको. तरी नऊ जणींनी दुर्बीण शिकायला नावं दिली. त्यांतल्या एकीला वाचता येत नाही. मी म्हटलं, आकाश वाचायला अक्षरं लागत नाहीत, या. जेवणाचं काम पाळीने, त्यात पुरुषांचीही पाळी, असा ठराव झाला. त्यावर बाहेर ओट्यावर बसलेले बरेच जण खोकले.

मग सत्तरीच्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, “ते दिवे झाकायचे ते झाका. पण मारुतीच्या देवळापासून संडासापर्यंत तिसऱ्या खांबावर दिवाच नाही, तो आधी लावा. मग झाका.” ठरावात ते वाक्य त्यांच्याच शब्दांत घातलं आहे. ग्रामसभा येत्या २६ जानेवारीला आहे. खांबाचा अर्ज ग्रामसेवकांकडे दिला, पोच घेतली आहे. दिवा अजून लागलेला नाही.