अरवरी नदी आणि तिच्या काठची गावे
(पंचसदस्य, पंचायत सचिव व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही चैत्र उजाडला की डोंगरपायथ्याच्या झरी बारीक होतात, विहिरींचे तळ दिसू लागतात आणि पंचायतीकडे टँकरसाठी अर्ज येऊ लागतात. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतांशी पावसाळ्याच्या मोजक्या दिवसांत. गोव्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या या पावसावर तेथील खेड्यांनी कोरडी पडलेली एक नदी पुन्हा वाहती केली. तिचे नाव अरवरी. अरवलीच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी लांबीने अवघी ४५ किलोमीटरांच्या घरातली. नकाशात ती सहजी सापडणारही नाही.

या भागात पूर्वी प्रत्येक गावाचे जोहड असत. जोहड म्हणजे उताराच्या तोंडाशी चंद्रकोरीसारखा घातलेला मातीचा बांध. पावसाचे धावते पाणी तेथे अडते, गाळ खाली बसतो आणि पाणी हळूहळू जमिनीत मुरते. बांधामागचे तळे उन्हाळ्यात आटलेले दिसले तरी त्याचे काम संपलेले नसते, कारण तेच पाणी भूमीखालून सरकत खालच्या विहिरींत उतरत असते. पुढे डोंगरावरील रान तुटले, माती वाहून येऊन जोहडांत साचली, आणि गाळ उपसण्याची गावची पाळी मोडली. विहिरी आटल्या. धडधाकट पुरुष मजुरीसाठी दिल्ली-अहमदाबादेकडे गेले; मागे म्हातारी माणसे, बायका आणि मुले राहिली.

१९८५ साली तरुण भारत संघ या संस्थेचे राजेंद्र सिंह व त्यांचे सोबती या भागात आले, ते औषधोपचार आणि शिक्षण यांचे काम करण्याच्या हेतूने. गोपालपुरा गावातील एका वृद्धाने त्यांना निराळीच वाट दाखविली. दवाखाना आणि शाळा मागाहून पाहता येतील, आधी जोहड खोदा, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ होता. शिकलेल्या तरुणांनी निरक्षर वृद्धाचे ऐकले, ही या हकीकतीतील पहिली महत्त्वाची गोष्ट होय. गोपालपुऱ्याचा जोहड दुरुस्त झाला, पाऊस झाला, आणि जवळच्या विहिरींना पाणी आले. शेजारच्या गावांना याहून अधिक पुराव्याची गरज भासली नाही.

अरवरीच्या उगमाकडील भावंता-कोल्याला या गावांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात असेच काम हाती घेतले. जोहडाची जागा ठरे ती गावच्या बैठकीत. पाणी कोठून येते आणि कोठे थबकते, हे गुराख्याला जितके ठाऊक असते तितके कागदावरील आराखड्याला नसते. खर्चाचा काही भाग संस्था देई; उरलेला गावाने श्रमदानाने, मातीने आणि दगडाने उचलायचा, असा दंडक होता. फुकट मिळालेल्या बांधाचा गाळ कोणी काढीत नाही, हा अनुभव त्यामागे होता. डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही, असाही निर्बंध गावाने आपण होऊन घातला.

सारे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. गोपालपुऱ्याचा बांध परवानगीविना घातला म्हणून सरकारी खात्याची नोटीस आली होती. नियमाच्या दृष्टीने खात्याचे म्हणणे निराधार नव्हते. पण ज्या ओढ्यात पाणीच नव्हते त्याच्या पाण्याची चोरी झाली असे म्हणणे गावकऱ्यांना पटण्यासारखे नव्हते. बांध अखेर टिकला.

एकेका गावचे जोहड वाढत वाढत शेकड्यांच्या घरात गेले. नदीला दुरुस्त करण्यासाठी कोणी नदीच्या पात्रात उतरले नव्हते. काम चालले होते ते वरच्या उतारांवर. १९९० च्या दशकात अरवरीच्या पात्रात पावसाळ्यानंतरही पाणी दिसू लागले आणि पुढे ती बारमाही वाहू लागली.

पाणी आले आणि त्याच्या पाठोपाठ तंटाही आला. नदीत मासे वाढल्यावर हमीरपुऱ्याजवळ मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला देण्यात आला. नदी कोरडी होती तोवर ती कोणाचीच नव्हती. वाहू लागताच तिला मालक कसा मिळाला, असा गावकऱ्यांचा सवाल होता. त्यांनी विरोध केला आणि ठेका रद्द झाला.

त्यानंतर २६ जानेवारी १९९९ रोजी काठच्या सुमारे ७० गावांनी मिळून अरवरी संसद स्थापन केली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. ऊस, भात यांसारखी पाणी पिणारी पिके घेऊ नयेत. होळीनंतर पावसाळा येईपर्यंत नदीतून शेतीसाठी पाणी उपसू नये. या संसदेला कायद्याचे अधिष्ठान नाही. नियम मोडणाऱ्यावर खटला भरता येत नाही, त्याला चार माणसांत बसवून समजावावे लागते. पंप स्वस्त झाला आणि बाजारात भाव चढला की समजावणीचा जोर कमी पडतो. नदी एकदा वाहती करणे आणि ती वर्षानुवर्षे वाहती ठेवणे, यांतले दुसरे काम अधिक कठीण. मार्च २००० मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी स्वतः तेथे जाऊन भावंता-कोल्यालाच्या ग्रामस्थांचा सन्मान केला, तेव्हाही ते काम संपलेले नव्हते.

गोव्यातील श्रोत्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. खाजणांचे बांध आणि मानशी गावकऱ्यांनीच शतकानुशतके राखल्या. भरतीच्या पाण्याने मानशीचे दार मिटावे आणि ओहोटीला उघडावे, एवढ्या साध्या युक्तीवर कित्येक गावांचे भात पिकत आले. बांध एका ठिकाणी फुटला तर खारे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते, म्हणून त्याची डागडुजी हे गावचे काम होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही ठिकाणी ती नेटाने पार पाडली जाते, काही ठिकाणी बांध वर्षानुवर्षे फुटका राहतो आणि शेतात खारफुटी उगवते.

गोड्या पाण्याच्या ओढ्यांवरील बंधाऱ्यांचेही तेच. पावसाळा सरल्यावर फळ्या घालायच्या आणि मृगापूर्वी काढायच्या, एवढेच काम. फळ्या कोणाच्या घरी ठेवल्या आहेत, त्या घालण्याचा दिवस कोणता आणि त्यासाठी कोणत्या वाड्यावरची माणसे येणार, हे गावात आधी ठरलेले नसले की पक्का बांधलेला बंधाराही उघडाच राहतो, आणि ओढ्याचे पाणी दिवाळीपूर्वीच समुद्राला मिळते.