लाझरस ह्या नावाविषयी
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



ह्या महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळीत होतो. त्यांत लाझरस हे नाव आरंभी वारंवार आढळते. पुढे ते विरळ होत जाते, व अलीकडे तर नाहीच. ह्याचे कारण आम्हांस तीन वर्षांपूर्वी कळले होते. एक तरुण बाप आपल्या मुलास दिवंगत वडिलांचे हे नाव ठेवू इच्छीत होता. परंतु घरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हरकत घेतली, "फादर, ते महारोग्यांचे नाव. पोराच्या माथी कशाला?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर सुचले नाही. ते आज देतो.

मूळ इब्री नाव एलाझार. अर्थ, 'देवाने साहाय्य केले'. बोलता बोलता आरंभीचा स्वर झिजला आणि ग्रीक भाषेत लाझरोस झाले. जुन्या करारात हे नाव मोठ्या मानाचे आहे. होर पर्वतावर अहरोनाची याजकीय वस्त्रे उतरवून ज्याच्या अंगावर घातली, तो त्याचा पुत्र एलाझार. मक्कबींच्या पहिल्या ग्रंथातला एलाझार शत्रूच्या हत्तीखाली शिरून त्यास ठार करतो व त्याच्याच भाराखाली मरतो. परंतु आम्हांस अधिक प्रिय आहे तो दुसऱ्या ग्रंथातला नव्वद वर्षांचा शास्त्री एलाझार. निषिद्ध मांस खाण्याची त्यावर सक्ती झाली. जुन्या स्नेह्यांनी हळूच सुचविले की, आपणांस चालेल असे मांस आणवून राजाज्ञेचेच खाल्ल्याचे सोंग करावे. म्हाताऱ्याने ते मानले नाही. ह्या वयात आपण सोंग केले तर तरुणांनी काय समजावे, हा त्याचा सवाल होता. फटके खात त्याने प्राण सोडला.

नव्या करारात लाझरस दोन. एक बेथानीचा, मार्था व मरिया ह्यांचा भाऊ, ज्याच्या कबरेकडे जाताना प्रभु येशू रडला. दुसरा, लूककृत शुभवर्तमानातील दृष्टान्तात श्रीमंताच्या दाराशी पडलेला भिकारी. प्रभूने आपल्या दृष्टान्तांसाठी योजिलेल्या पात्रांत नाव दिले ते ह्या एकट्या भिकाऱ्यास. जांभळी वस्त्रे नेसणारा श्रीमंत निनावीच राहिला! लोक त्यास 'दिवेस' म्हणू लागले, पण तो 'श्रीमंत' ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, नाव नव्हे.

मग महारोग कोठून आला? शुभवर्तमानात तो भिकारी फोडांनी भरलेला होता एवढेच आहे. मध्ययुगातील युरोपाने ते फोड महारोगाचे मानले, भिकारी व प्रभूचा मित्र एकच करून टाकले, आणि रोग्यांची गृहे संत लाझरसाच्या आश्रयाखाली ठेविली. बाराव्या शतकात यरुशलेमच्या तटाबाहेर असे एक गृह होते. पुढे १४२३ साली व्हेनिस नगराने प्लेगच्या रोग्यांसाठी एक बेट राखून ठेविले. त्या बेटास नाझरेथच्या मरियेचे नाव होते. नाझरेथ व लाझरस ह्यांची लोकांच्या तोंडी सरमिसळ होऊन 'लाझारेत्तो' शब्द निघाला, असे सांगतात. १६३२ साली पॅरिसमधले संत लाझरसाचे जुने रुग्णगृह संत विन्सेंट द पॉल ह्यांस मिळाले, म्हणून त्यांच्या संघाच्या धर्मगुरूंस लाझरिस्ट म्हणतात. त्यांस कोणी त्या नावावरून नाक मुरडल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

म्हणजे बाई म्हणाल्या ते अगदीच खोटे नव्हते. नाव महारोग्यांकडे गेले हे खरे, पण कसे गेले? ज्यांस गावाने वेशीबाहेर काढले, त्यांच्या दारावर प्रभूच्या मित्राचे नाव कोणीतरी मायेने लिहिले. लोक त्या दारास भ्याले, आणि ती भीती नावाला चिकटली. आता तर तो रोग औषधाने पूर्ण बरा होतो. भीती मात्र जुनीच राहिली.

२०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी २९ जुलैचा सण, जो पूर्वी एकट्या मार्थेचा होता, तो मार्था, मरिया व लाझरस ह्या तिघांचा केला. भाऊ बहिणींबरोबर पुन्हा पंक्तीस बसला.

त्या मुलाचे नाव शेवटी दुसरेच ठेविले गेले. त्या घरी आता दुसऱ्या बाळाची वाट पाहत आहेत असे ऐकतो, आणि त्या बाई आज समोरच बसल्या आहेत. मुलगा झाला तर वही आमच्यापाशीच आहे.