खुशाली कळवत राहा

आज पदवी घेतलेल्या माझ्या मुलामुलींनो,

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून जे तरुण बी.ए. झाले, त्यांत धोंडो केशव कर्वे होते आणि गोपाळ कृष्ण गोखलेही होते. कर्वे सव्वीस वर्षांचे, मुरूडहून आलेले, परिस्थितीशी झगडत उशिरा शिकलेले, संसाराचा भार डोक्यावर असलेले. गोखले अवघे अठरा वर्षांचे. पदवी झाली आणि वाटा वेगळ्या झाल्या. गोखले पुण्याला डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गेले. कर्वे मुंबईतच राहिले. शाळांमधून गणित शिकवायचे, वर शिकवण्या करायच्या, त्यातून घर चालवायचं. सांगण्यासारखं मोठं काही त्यांच्या हातून तोवर झालेलं नव्हतं. पण आपला जुना सोबती कुठे आहे, काय शिकवतो, कसा शिकवतो, याची गोखल्यांना माहिती होती. १८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटी सोडली, सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला माणूस हवा झाला आणि १८९१ मध्ये गोखल्यांचं बोलावणं कर्व्यांकडे गेलं.

त्याच वर्षी कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या होत्या. ते पुण्याला आले. मुंबईत ज्या नरहरपंत जोशी यांच्याबरोबर त्यांनी बिऱ्हाड केलं होतं, त्यांची विधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. १८९३ मध्ये कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला, तो त्यांनी सोसला. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० मध्ये आश्रमासाठी हिंगण्याची झोपडी उभी राहिली, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ झालं. हे सगळं कर्व्यांच्या कष्टाचं आणि निश्चयाचं फळ आहे, त्यातलं श्रेय मी कुणाला वाटून देत नाही. पण ते पुण्याला आले ते एका सहाध्यायानं बोलावलं म्हणून, आणि त्यांच्या घरी गोदूबाई आल्या त्या एका मित्राच्या घरातून.

आज तुम्हाला यशाचा मार्ग सांगायला मी उभी नाही. माझी मागणी एवढीच आहे की या वर्गातल्या माणसांनी एकमेकांना आपली खबरबात कळवत राहावं. चांगली कळवावी, वाईट कळवावी, आणि मुख्य म्हणजे धड चांगली ना धड वाईट अशी जी असते, तीसुद्धा कळवावी.

मी याच महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन १९८६ साली बाहेर पडले. तेव्हा आमच्यातल्या फार थोड्यांच्या घरी फोन होता. आंतरदेशीय पत्र होतं, पोस्टकार्ड होतं, आणि कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की वाचण्याआधीच घरात रडं सुरू व्हायचं. आमच्या एका वर्गमित्राच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्यानं दुकानातली रोजमेळाची एक कोरी वही आणली. लाल कापडाची बांधणी, लांबट पानं, वर गुंडाळायला दोरी. निरोप समारंभाच्या दिवशी त्यानं सगळ्यांचे घरचे पत्ते पहिल्या पानांवर उतरवून घेतले आणि ठरवलं की ही वही हजेरीपटाच्या क्रमानं टपालानं फिरेल. ज्याच्याकडे येईल त्यानं पंधरा दिवसांच्या आत आपलं पान लिहायचं आणि पुढच्याला रजिस्टरनं पाठवायची. जे घडलं ते लिहायचं, जे करणार आहोत ते लिहायचं नाही. हा दुसरा नियम त्यानं का घातला, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. बेत लिहिले की माणूस पुढच्या फेरीला ते पुरे न झाल्याची लाज घेऊन बसतो आणि लिहायचंच सोडून देतो.

ती वही आज माझ्याकडे आहे. तिच्या पानांवर हळदीचे डाग आहेत, एका पानावर कुणाच्या तरी लेकरानं पेन्सिलीनं गिरगोट्या केल्या आहेत. कुणी लिहिलंय, म्हैस व्याली, रेडी झाली. कुणी लिहिलंय, तलाठ्याच्या परीक्षेत नाव आलं नाही, पुन्हा बसतोय. एकानं द्राक्षबागेवर गारपीट झाली त्याचं आख्खं पान लिहिलं आहे, कुठल्या वाणाचे घड होते, किती वजनाचे भरले असते इथवर. त्याच्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, बँकेत लागलेल्या दुसऱ्या वर्गमित्रानं कर्जाची फेरबांधणी कशी मागायची, अर्ज कुणाच्या नावे करायचा, सोबत पंचनाम्याची प्रत कशी जोडायची, हे मुद्देसूद लिहिलं. एवढ्यावर न थांबता वही पुढे पाठवण्याआधी त्यानं तेच सगळं पोस्टकार्डावर उतरवून बागवाल्याला वेगळं कळवलं, कारण वही फिरून त्याच्याकडे यायला वर्ष गेलं असतं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, बोलायला लागली की थांबायची नाही. प्रयोगशाळेत तिच्यामुळे आम्ही सगळ्यांनी बोलणी खाल्ली आहेत. तिचं लग्न होऊन ती लांब, सीमेपलीकडच्या गावात गेली. तिच्या पहिल्या पानावर तीनच शब्द आहेत. ‘मी बरी आहे.’ खाली तारीख. वही पुढच्या मुलीकडे गेली. तिनं ते पान वाचलं आणि आपलं पान लिहायच्या आधी ती दुसऱ्या एका मैत्रिणीला घेऊन एसटीनं त्या गावाला गेली. ओळख ना पाळख, म्हणून ‘ओटी भरायला आलोय’ असं घरच्यांना सांगितलं. खण, नारळ, तांदूळ घेऊनच गेल्या होत्या. तेव्हा कळलं की चार महिन्यांपूर्वी तिला मूल झालं होतं आणि ते जगलं नव्हतं. तिनं माहेरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं. त्या दोघी एक रात्र तिच्याजवळ राहिल्या. त्यांनी काही मोठं केलं नाही, पण पुढच्या फेरीत त्या मुलीनं आठ पानं लिहिली. त्यातल्या शेवटच्या पानावर बी.एड.च्या प्रवेशाची चौकशी होती, आणि ती चौकशी त्या दोघींनीच करून दिली.

तीन शब्दांतून एवढं कुणाला कळलं? जिनं तीन वर्षं शेजारच्या बाकावर बसून तिची बडबड ऐकली होती, तिला. आईवडिलांना तुमचं लहानपण माहीत असतं. नोकरीतल्या सोबत्यांना तुमचा हुद्दा माहीत असतो. तुम्ही अजून काहीच झालेला नव्हता तेव्हा कसे होता, कशाला हसायचा, कशाला घाबरायचा, हे या सभागृहात तुमच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्या माणसांना माहीत आहे.

याच वहीत एक नाव असं आहे की त्याच्या वाट्याची पानं फेरीमागून फेरी कोरी आहेत. वही त्याच्याकडे जायची आणि वेळेत पुढे यायची. तो तिचा टपालखर्चही भरायचा, पण लिहायचा काही नाही. नंतर त्याचा पत्ता बदलला आणि वही त्याला चुकवून पुढे जाऊ लागली. फार वर्षांनी आमचा स्नेहमेळावा झाला, त्याला तो आला. तेव्हा त्यानं सांगितलं की पहिली काही वर्षं सूतगिरणीत पाळीवर काम केलं, मग इचलकरंजीच्या एसटी स्टँडबाहेर वडापावची गाडी लावली, ती चांगली चालली, मुलं शिकली. आमच्यातले कितीतरी जण त्या स्टँडवरून जा-ये करत होते. तो आम्हाला बघायचा आणि कढईकडे तोंड फिरवायचा. ‘पदवी घेऊन वडे तळतोय, हे वहीत काय लिहायचं?’ असं त्याचं म्हणणं होतं. वर्गात सगळ्यांत नेमकं टायट्रेशन त्याचं यायचं. मला त्याच्या गाडीवर उभं राहून वडापाव खायचा होता, त्याच्या मुलांना भूमितीची प्रमेयं समजावायची होती. ते राहून गेलं.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण आता स्पर्धा परीक्षांच्या मागे लागणार आहात. पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहाल, अभ्यासिकेत जागा धराल, मेसचा डबा लावाल. पहिल्या वर्षी वर्गमित्रांचे फोन घ्याल. पूर्व निघाली आणि मुख्य राहिली, किंवा मुख्य निघाली आणि मुलाखतीत गेलं, की फोन कमी होतील. मग गावच्या जत्रेला जाणं बंद होईल, मित्राच्या लग्नाची पत्रिका येईल आणि तुम्ही तब्येतीचं कारण सांगाल, कारण मांडवात कुणीतरी विचारणार, ‘सध्या काय चाललंय?’ माझ्या ओळखीच्या घरांमध्ये हे मी पाहिलं आहे, आणि मला त्याची भीती वाटते. अपयशानं पोरं तेवढी खचत नाहीत, जेवढी अपयश एकट्यानं लपवून खचतात.

म्हणून ज्यांना लवकर नोकरी लागेल, त्यांना माझं खास सांगणं आहे. त्या मित्राकडे जा. किती गुणांनी राहिलं, हे विचारू नका, ते त्याला पाठ आहे. त्याच्या मेसमध्ये त्याच्याबरोबर जेवा, तुमच्या पहिल्या पगारातून कुठली वस्तू आणली ते सांगा, तुमचा साहेब कसा छळतो तेही सांगा. आणि जो अभ्यासिकेत बसला आहे, त्यानं कळवावं की राहिलं. ‘राहिलं, पण मी आहे’ एवढं एका माणसाला तरी कळवावं.

तुमच्याकडे व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहेच. आजच्या आज त्यावर शंभर फोटो पडतील आणि ते पडायलाच हवेत. महाविद्यालयही तुमचा एक ग्रुप करील. पण ग्रुपवर बोलणं म्हणजे सगळ्यांशी बोलणं, आणि सगळ्यांना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. वाढदिवसाचे केक, सुप्रभात, आणि मग एक दिवस कुणाच्या तरी वडिलांच्या फोटोखाली भावपूर्ण श्रद्धांजलीच्या ओळीवर ओळी. ज्याचे वडील गेले, त्याला त्या ओळी वाचायला शुद्ध नसते. अशा वेळी ग्रुपवर लिहाच, पण फोन उचला, जमलं तर दहाव्याला जाऊन या.

मुलींबद्दल एक वेगळी गोष्ट आहे. लग्नात आडनाव बदलतं, काही घरांत ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नावही लिहितात. नंबर बदलतो, गाव बदलतं, आणि पाच वर्षांनी मेळाव्याची यादी करायला बसलं की निम्म्या मुली सापडत नाहीत. आमच्या पहिल्या मेळाव्याला तसंच झालं. मुलगे जवळजवळ सगळे, मुली बोटांवर मोजण्याइतक्या. त्या आल्या नाहीत असं नव्हतं, त्यांना कुणी कळवूच शकलं नव्हतं. म्हणून तुमच्या यादीत प्रत्येक मुलीचं कॉलेजातलं नाव कायम ठेवा आणि तिच्या माहेरचा पत्ता लिहून ठेवा. माहेर सहसा जागा सोडत नाही.

आणि भांडणं होतील. डेक्कन कॉलेजात शिकत असताना टिळक आणि आगरकर रात्र रात्र जागून देशाच्या शिक्षणाचा विचार करत. १८८० मध्ये चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, १८८२ मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिले. मग सामाजिक सुधारणेवरून मतं फाटली, आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि दोघांमध्ये उरलं ते छापील वैर. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. लिहिताना त्यांना रडू आवरत नव्हतं असं सांगतात. मतभेद मोठे होते आणि खरे होते, ते मिटायला हवे होते असं मी म्हणणार नाही. तुमच्यातही राजकारणावरून, जातीवरून, पैशावरून फाटेल. ज्याच्याशी वाद घालाल, त्याच्या आईचं ऑपरेशन झालं की त्याला विचारा. वाद दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला.

सभागृहाबाहेर उजव्या हाताला टेबलावर एक वही ठेवली आहे. प्राचार्यांची परवानगी घेऊन मीच आणली आहे, तशीच लाल बांधणीची. पदवीचे गाऊन परत करायला त्याच दारानं जायचं आहे, तेव्हा दोन मिनिटं थांबा. आपलं नाव, घरचा पत्ता, आई किंवा वडिलांचा फोन नंबर, आणि मोबाइल बदलला तरी जो तुम्हाला शोधून काढू शकेल अशा एका नातेवाइकाचं नाव, एवढं सुवाच्य अक्षरात लिहा. ही वही वर्षभर कोण सांभाळणार, ते तुम्हीच आत्ता बसल्या जागी ठरवा. ज्याचं किंवा जिचं नाव ठरेल, त्यानं माझ्याकडून पहिला टपालखर्च घेऊन जावा.