उपशाची नोंद

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर. अमरावती शहर हेच पाणी पितं, कालव्याखालचं ओलीतही याच पाण्यावर. नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला यातून पाणी द्यायचं ठरलं, तेव्हा आकडा पुढे आला वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दिवसाला २४ कोटी लिटर. त्यावरून आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात २०११ साली झालेली दुरुस्तीही वादात सापडली. कोणाचं खरं, तो वेगळा विषय. पण साठ्यातलं साडेपंधरा टक्के पाणी एकट्या प्रकल्पाला, हे कोणालाही कागदावर मांडता आलं. अकोल्याकडे वान धरणातही तेच झालं. अकोला शहरासाठी आणि बाळापूर तालुक्यातल्या गावांसाठी आरक्षण पडलं, तसा तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. पाणी कुठून कुठं जाणार हे लिहिलेलं होतं म्हणून विरोध करता आला.

विहिरींच्या पाण्याचं तसं नाही. वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा घ्या. इथलं ओलीत मुख्यतः विहिरी आणि बोअरवर चालतं, आणि वरूड तालुका अतिशोषित म्हणून, लोकांच्या भाषेत डार्क झोन म्हणून, वर्षानुवर्षं ओळखला जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. हे काम मोलाचं आहे. पण पातळी किती उतरली एवढंच त्यातून कळतं. कोणी किती उपसलं ते कळत नाही. उपशाचा आकडा विहिरींच्या संख्येला सरासरीनं गुणून काढलेला अंदाज असतो. त्या सरासरीत काय हरवतं ते संत्र्याच्या बहारावरून दिसतं. मृग बहार धरणारा बागाईतदार उन्हाळ्यात झाडाला ताण देतो, पाणी तोडतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुलोरा घेतो. आंबिया बहाराला ताण हिवाळ्यात बसतो, फूल जानेवारी-फेब्रुवारीत येतं आणि मग फळ झाडावर टिकवायला अख्खा उन्हाळा, विहीर सर्वांत खाली गेलेली असते नेमकी तेव्हा, मोटर चालू ठेवावी लागते. बगीचा तोच, झाडं तेवढीच, विहीर एकच. बहार बदलला की उन्हाळ्यातला उपसा बदलतो. हा निर्णय कोणत्याच सरकारी कागदावर उमटत नाही.

उपशाची नोंद ठेवा म्हटलं की पहिला आक्षेप वऱ्हाडात हमखास येतो, आणि तो खोटा नाही. खरा प्रश्न सिंचनाच्या अनुशेषाचा आहे. कालवे द्यायचे नाहीत आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर मात्र पहारा ठेवायचा, हा कुठला न्याय? अनुशेष भरलाच पाहिजे. पण कालव्याचं पाणी कोणत्या गावाला आधी द्यायचं, हे ठरवतानाही विहिरींवरचा ताण माहीत असावा लागतो. शिवाय पाणी आहे म्हणजे ते कामाचं आहे असंही नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण ते ना पिण्याचं ना ओलिताचं. म्हणून तिथल्या गावांना वान, शहानूर, काटेपूर्णा अशा धरणांतून नळानं गोडं पाणी द्यावं लागतं. नुसती पातळी पाहणाऱ्याला ही गावं सुखी वाटतील.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पंपावर मीटर आलं की मागून पाणीपट्टी येईल, ही भीती. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत झाल्यावर तर मीटर लावून घ्यायला कोण तयार होणार? माझ्या मते मीटरचा हट्ट इथं चुकीचाच आहे. ते बंद पाडायला एक तार पुरते. त्यापेक्षा सोपी वाट आहे: ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे आणि शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवताना ओलिताचं साधन, विहीर की बोअर की कालवा, हेही भरतो. त्यात संत्र्यापुढे बहार कोणता, एवढा एक रकाना वाढवला तरी उन्हाळी उपशाचा गावनिहाय अंदाज आजच्यापेक्षा कितीतरी जवळचा येईल. अटल भूजल योजनेत गावांनी पाण्याचे ताळेबंद मांडले, त्यांना हाच आकडा लागतो. चुकीची नोंद करणारे निघतील, हे उघड आहे. पण झाडावर मार्चमध्ये वाटाण्याएवढं फळ आहे की नाही, हे शेजाऱ्याला बांधावरून दिसतं.