टळलेल्या आजाराची प्रेमकथा

यीव्ह आलेग्रे यांचा १९५३ सालचा 'लेझ ऑर्गेयो' हा फ्रेंच चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मेक्सिकोतलं एक बंदर, मेनिंजायटिसची साथ, साथीत नवरा गमावलेली मिशेल मॉर्गन आणि दारूत बुडालेला डॉक्टर जेरार फिलिप. साथ चढत जाते तसतसा डॉक्टर शुद्धीवर येतो. प्रेम आणि वैद्यकी एकदमच जागी होतात.

आपल्याकडे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्येच 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला होता. कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले ते एक. तिथे कुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. पडद्यावर ही जोडी शांताराम आणि जयश्री यांनी रंगवली. प्रत्यक्षातही तेव्हा ते पती-पत्नी होते. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ते पथक पाठवण्यासाठी धडपडलेले नेहरू त्या वेळी अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते.

कोटणीस गेले ते अपस्माराच्या झटक्यांनी. चित्रपटात मात्र त्यांना प्लेग होतो. शांताराम यांना मी दोष देणार नाही. नायकाला मारायचं तर समोर शत्रू हवा, आणि प्लेग हा उत्तम खलनायक आहे. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. डॉक्टर म्हणजे साथीत उडी घेणारा आणि मरणारा, एवढंच आपल्या डोक्यात बसतं.

याहून वेगळे डॉक्टर पाहायचे तर नगर जिल्ह्यातल्या जामखेडला चला. राहुरीचे रजनीकांत आरोळे आणि मेबल वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात भेटले. १९६० मध्ये लग्न झालं, तेव्हाच दोघांनी खेड्यातल्या गोरगरिबांसाठी काम करायचं ठरवलं होतं. अमेरिकेत शिकून १९७० मध्ये ते जामखेडला आले. त्या भागात हजार जन्मलेल्या मुलांमागे १७६ वर्ष पुरं होण्याआधीच दगावत. यातली किती मरणं शस्त्रक्रियेने टळणार होती? फारच थोडी. हगवण, उपासमार, गढूळ पाणी, बाळंतपणातली हेळसांड, ही कारणं दवाखान्याच्या दाराबाहेरची.

म्हणून त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण कसं करायचं, साखर-मिठाचं पाणी कधी पाजायचं, मुलाचं वजन कसं पाहायचं, हे त्यांना शिकवलं. विंधनविहिरी मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं तर सवर्णांनी तिथं जावं! मला तर ही चाल कोणत्याही पटकथेपेक्षा चलाख वाटते. नव्वदच्या दशकापर्यंत बालमृत्यूचं ते प्रमाण तिशीच्या खाली आलं. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला.

यावर प्रेमपट का निघत नाही, असं मला विचारतात. अडचण साधी आहे. झालेला प्लेग कॅमेऱ्याला दिसतो, न झालेली हगवण दिसत नाही. शिवाय इथे डॉक्टर आपली विद्या वाटून टाकतो आणि स्वतः बाजूला सरतो. असा नायक तिकीटबारीला चालत नाही. कुणी धाडस केलंच, तर माझी एक सूचना आहे. नायिका मेबलबाईंना करू नका. पहाटे कुणाच्या तरी बाळंतपणाला निघालेल्या, पाटी-पेन्सिल कधी न धरलेल्या एका कार्यकर्तीला करा, आणि आरोळे दांपत्याला दुय्यम भूमिका द्या.